पाच मिनिटांचं आकाश

घरातलं पोर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेलं दिसलं की आपला हात आपसूक कपाळाकडे जातो. ‘काय मेलं सारखं ठो-ठो चाललेलं असतं!’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हटलं जात नाही असं घर आज शोधून सापडायचं नाही. म्हणणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर आजी. आणि ते म्हणताना तिच्या एका हातात लाटणं असतं.

आज मात्र मी या ‘ठो-ठो’च्या बाजूनं चार शब्द लिहिणार आहे. दचकू नका! आजच्या गेम्सची वकिली मला करायची नाही, त्यांच्या आजीबद्दल बोलायचं आहे. काळाभोर पडदा, वरच्या अंगाला रांगेत उभे असलेले परग्रहावरचे चित्रविचित्र प्राणी आणि तळाशी आपलं एवढंसं यान. ते डावीकडे न्यायचं, उजवीकडे न्यायचं आणि गोळी झाडायची. संपला खेळ! सिनेमासारखी दृश्यं नाहीत, लांबलचक कथा नाही. उंबऱ्यापुढच्या रांगोळीसारखं सगळं सपाट आणि एका नजरेत मावणारं. ‘स्पेस इन्व्हेडर्स’, ‘गॅलेक्सियन’, ‘ॲस्टेरॉइड्स’, ‘गॅलागा’ अशी त्यांची नावं. यातले बरेचसे खेळ १९७८ ते १९८१ या चार वर्षांत जन्मले. मधल्या काळात संगणक कुठल्या कुठे गेले, तरी हे खेळ अजून खेळले जातात. नव्या पिढीची मुलंसुद्धा सहज म्हणून बसतात आणि अर्धा तास उठत नाहीत. असं काय आहे यांच्यात?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत. पण तिथे जाण्याआधी थोडं या आजीचं माहेर बघू या.

अवकाशातल्या लढाईचा पहिला गाजलेला खेळ जन्मला तो चक्क विद्यापीठात. १९६२ साली अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी कपाटाएवढ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. दोन यानं, मधे एक तारा, आणि त्या ताऱ्याची दोघांनाही आत ओढणारी ताकद. अवकाशच का, तर एक साधं कारण असं, की अवकाश काळं असतं! डोंगर, झाडं, घरं काही काढावं लागत नाही. त्या काळच्या संगणकाला एवढं चित्र काढणंही जड जायचं. गरिबीतून सुचलेली ही युक्ती; पण त्यामुळे झालं काय, की पडद्यावर नको ते काहीच उरलं नाही. दिसतं तेवढंच खरं आणि तेवढंच महत्त्वाचं.

मग १९७८ मध्ये जपानमध्ये ‘ताइतो’ या कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणला. खेळाची आखणी, त्याचा प्रोग्रॅम, इतकंच काय, तो चालवणारं यंत्रसुद्धा या एका माणसानं बनवलं. आधी त्यांनी रणगाडे करून पाहिले, विमानं करून पाहिली. पण त्यांची हालचाल मनासारखी होईना. माणसांची आकृती छान हलत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायला लावणं बरोबर नाही असं ठरलं. शेवटी पडद्यावर आले ते ऑक्टोपस, खेकडे आणि माकुळांसारखे दिसणारे परग्रहवासी. ‘शिकवतात काय हे खेळ? मारामारीच ना?’ असं विचारणाऱ्या आयांना मी हा तपशील आवर्जून सांगते. प्रश्न त्या माणसालाही पडला होता, आणि त्यानं त्याचं उत्तर खेळातच दिलं.

या खेळात ११ प्राण्यांची एक, अशा पाच रांगा असतात. एकूण ५५. ते सगळे मिळून आडवे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात आणि पुन्हा उलट्या दिशेनं सरकू लागतात. आपल्याला आडोशाला चार भिंती असतात, पण त्या शत्रूच्या गोळ्यांनी झिजतात आणि आपल्या स्वतःच्या गोळ्यांनीही! शिवाय एका वेळी आपली एकच गोळी पडद्यावर असू शकते. ती कुणाला तरी लागेपर्यंत किंवा वरून निघून जाईपर्यंत दुसरी झाडता येत नाही. म्हणजे नेम चुकला तर नुसती गोळी वाया जात नाही, वेळही जातो. आंधळेपणानं बटण बडवून भागत नाही. नजर ठेवायची, अंदाज बांधायचा आणि मगच बोट दाबायचं.

आणि यातली खरी गंमत तर अपघातानं घडलेली आहे. सगळे ५५ प्राणी असताना बिचारं यंत्र दमून जायचं, त्यामुळे ते हळूहळू सरकत. आपण एकेकाला टिपत गेलो की यंत्राचं ओझं कमी होई आणि उरलेले जास्त वेगानं पळू लागत. निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्याच्या जोडीला चार सुरांचा ‘धम्, धम्, धम्, धम्’ असा आवाज, प्राण्यांबरोबर वेग वाढत जाणारा. शेवटचा एकच प्राणी उरतो तेव्हा तो सुसाट पळत असतो आणि आपलं काळीजही! जितकं यश जास्त तितकं पुढचं काम अवघड... एवढी मोठी गोष्ट हा खेळ एक अक्षरही न बोलता सांगून जातो.

आपल्या सागरगोट्यांची आठवण होते ना? आधी एक उचलायचा, मग दोन, मग तीन. हात तोच, गोटे तेच, पण प्रत्येक फेरीला पोटात गोळा. साधने चार आण्यांची आणि रंगत रुपयाची! चांगल्या खेळाची खूण माझ्या मते हीच.

आता आमच्या अभ्यासिकेत येऊ.

वस्तीतल्या मुलांसाठी आम्ही काही जणींनी मिळून एक खोली चालवतो. सकाळ-संध्याकाळ मुलं अभ्यासाला येतात आणि शनिवारी दुपारी तिथेच बचत गटाची बैठक होते. एका सद्गृहस्थांनी त्यांच्या कचेरीतला जुना संगणक दिला. बायकांनी संगणकाला हात लावावा अशी माझी फार इच्छा. बँकेचे संदेश वाचता यावेत, मुलांचे फॉर्म भरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढंच. पण काही केल्या कुणी खुर्चीवर बसायला तयार होईना. ‘नको ताई, काही तरी दाबलं जाईल आणि बिघडेल.’ वर्गात येणाऱ्या प्रत्येकीचं हेच. एटीएमसमोरही त्या अशाच उभ्या राहतात, पोराला पुढे करून.

आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलानं एक दिवस त्यावर परग्रहवासीयांचा हा असला जुना खेळ घातला. मुलांसाठीच. बैठक संपल्यावर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एक मावशी मुलांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, ‘मावशी, बसा की तुम्ही.’ त्या नको-नको म्हणत बसल्या. तीन बटणं. डावीकडे, उजवीकडे, गोळी. पहिला डाव अर्ध्या मिनिटात आटोपला. पडद्यावर ‘गेम ओव्हर’ आलं तशा घाबरून म्हणाल्या, ‘बिघडला का हो?’ मुलं हसली. म्हणाली, ‘नाही मावशी, परत दाबा.’ त्यांनी परत दाबलं.

चौथ्या-पाचव्या डावाला त्यांनी पहिली लाट साफ केली. त्या हसल्या, पदरानं घाम पुसला, तोवर वरून नवीन ५५ जण हजर! आणि ते आधीपेक्षा एक पायरी खालून सुरू झालेले. मावशी उद्गारल्या, ‘अगं बाई, हे तर आपल्या मोरीतल्या भांड्यांसारखंच आहे की! घासून पालथी घालावीत तर पुन्हा ढीग तयार.’

सगळ्या बायका खो-खो हसल्या. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकले.

कारण ते अगदी खरं आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ला शेवट नाही. जिंकून घरी जायची सोयच नाही त्यात. लाटेमागून लाट येत राहते आणि आपण कधी तरी हरतोच. घरकामालाही शेवट कुठे असतो? फरक एवढाच, की खेळात वरच्या कोपऱ्यात आकडा असतो. खालच्या रांगेतल्या प्राण्याचे १० गुण, मधल्याचे २०, वरच्याचे ३०. टिपलेला एकेक प्राणी तिथे मोजला जातो आणि सगळ्यांना दिसतो. आपली घासलेली भांडी कोण मोजतं? सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली, तेव्हा विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८, असं दिसलं. ही मोजणी कागदावर तरी झाली. घरातल्या भिंतीवर असा आकडा कधी झळकत नाही. मावशींनी त्या दिवशी केलेले गुण मात्र पडद्यावर झळकत होते, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

या खेळांच्या ओढीचं मला सापडलेलं एक कारण हे. केलेलं दिसतं, ताबडतोब दिसतं आणि त्यात कुणाची मर्जी आड येत नाही.

दुसरं कारण हरण्याविषयीचं आहे. आपल्या आयुष्यात चुकीची किंमत केवढी मोठी असते! भाजी खारट झाली तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. इथे तीन जीव मिळतात, ते संपतात, पडदा शांतपणे ‘गेम ओव्हर’ म्हणतो आणि पुन्हा सुरू करायचं बटण तयार असतं. टोमणा नाही, ‘मी सांगितलं नव्हतं का’ नाही. आणि आपण का हरलो हेही स्वच्छ कळतं. सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असतं ना! गोळी येताना दिसत होती, आपण उजवीकडे जायला हवं होतं, डावीकडे गेलो. पुढच्या वेळी उजवीकडे. बस्स. म्हणूनच ‘अजून एकदाच’ असं वाटत राहतं.

तिसरं कारण एकाग्रतेचं. ती पाच मिनिटं डोक्यात दुसरं काही शिरूच शकत नाही. दूध, गॅस, सासूबाईंची गोळी, उद्याचा डबा... सगळं बाहेर थांबतं. जप करताना मन भटकतं अशी तक्रार करणाऱ्या बायका मला रोज भेटतात. यान चालवताना मन भटकलं अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही!

याच खेळांच्या बहिणींनी पुढे आणखी रंग भरले. १९७९च्या ‘गॅलेक्सियन’मध्ये प्राणी रांग मोडून अंगावर झेपावू लागले. त्याच वर्षीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये मोठा दगड फोडला की त्याचे लहान दगड होऊन चहूकडे उडतात, म्हणजे एक संकट संपवावं तर त्याची अनेक होतात. १९८१च्या ‘गॅलागा’त तर कमालच आहे. शत्रू आपलं यान पकडून नेतो. ते हिमतीनं सोडवून आणलं तर दोन यानं जोडीनं लढू लागतात! जाणते खेळाडू मुद्दाम एक यान पकडू देतात. आज थोडं गमावून उद्या दुप्पट मिळवायचं, हा व्यवहार बचत गटाच्या बाईला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे हे खेळ आले ते बहुतेकांच्या घरी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममधून, नव्वदच्या दशकात. जपानच्या ‘निन्टेन्डो’ कंपनीच्या यंत्राच्या नकला बाजारात मिळत. त्यात घालायच्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो, आणि ती चालेना झाली की काढून फुंकर मारायची हा सर्वांना ठाऊक असलेला इलाज! कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असे, आत मोजकेच खेळ फिरून फिरून येत, पण ‘गॅलेक्सियन’ हमखास असायचा. आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकानही होतं. एक रुपया दिला की एक डाव. माझे भाऊ जायचे. मी आणि माझ्या मैत्रिणी शाळेतून येताना बाहेरूनच तो ‘टुई-टुई’ आवाज ऐकायचो. ‘मुलींनी तिथे जाऊ नये’ असं कुणी तोंडानं सांगितलेलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. घरी व्हिडिओ गेम आला तरी रिमोट आमच्या हाती लागे तो भाऊ जेवायला बसल्यावर.

या पार्श्वभूमीवर दोन बायकांची नावं मला मुद्दाम सांगायची आहेत. पहिली डोना बेली. १९८० साली ती अमेरिकेतल्या ‘अटारी’ कंपनीत लागली, तेव्हा दुकानांत ठेवायच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विभागात ती एकटीच बाई होती. खेळांच्या कल्पना लिहून ठेवलेल्या वहीतून तिनं एक निवडली, पडद्यावर येणाऱ्या घोणीला टिपण्याची. किड्याला मारण्यात तिला तितकंसं वावगं वाटलं नाही! एड लॉग या सहकाऱ्याबरोबर तिनं केलेला ‘सेंटिपीड’ १९८१ मध्ये आला. घडण अंतराळातल्या खेळांचीच, पण काळ्या पडद्यावर गुलाबी, पोपटी असे कोवळे रंग आणि बटणांऐवजी तळव्यानं फिरवायचा चेंडू. बायकांनीही तो उचलून धरला.

दुसरी कॅरल शॉ. १९८२ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ कंपनीसाठी तिनं ‘रिव्हर रेड’ हा खेळ एकटीनं लिहिला. अवकाशातले खेळ तोवर उदंड झालेले, म्हणून तिनं यानाचं विमान केलं आणि त्याला नदीवरून नेलं. जागा होती फक्त ४ किलोबाइट! आपण मोबाइलवर काढतो तो एक फोटो याच्या कितीतरी शेकडो पट जागा घेतो. एवढ्याशा डबीत मैलोन् मैल नदी मावणार कशी? तिनं नदीचं चित्र साठवलंच नाही. नदी जागच्या जागी तयार करणारं गणित तेवढं साठवलं. दोन खोल्यांत आठ माणसांचा संसार मांडणाऱ्या आपल्या बायकांना या कारागिरीची किंमत बरोबर कळेल. २०१७ मध्ये तिला ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात मोठा सन्मान मिळाला.

आणि आपल्याकडच्या बायकांच्या हातात पहिल्यांदा असा खेळ आला तो कशातून, सांगा पाहू? नोकियाच्या फोनमधून! २०००च्या ‘३३१०’मध्ये सापाच्या खेळाशेजारी ‘स्पेस इम्पॅक्ट’ होता. २००३ मध्ये टॉर्चवाला ‘११००’ आला, त्यातही त्याची पुढची आवृत्ती होती. जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेलेला हा फोन. दुपारी घर निजलेलं असताना कितीतरी जणींनी त्या हिरवट पडद्यावर यान चालवलं असेल. कुणी विचारलं तर ‘मेसेज बघत होते’!

हे ‘मेसेज बघत होते’च मला खुपतं. आमच्या अभ्यासिकेतही तेच झालं. शनिवारी बैठकीनंतर अर्धा तास बायका खेळतात हे कळल्यावर संगणक देणाऱ्या सद्गृहस्थांचा निरोप आला, ‘यंत्र शिकायला दिलंय, खेळायला नाही.’ एकीच्या घरून विचारणा झाली, ‘या वयात गेम खेळायला जाता?’ पुरुष कट्ट्यावर पत्ते खेळतात, तेव्हा कुणाच्या घरून निरोप जातो का हो?

मी त्या गृहस्थांना एका शनिवारी बोलावलं. खेळाला घाबरणाऱ्या बायका आता संगणक स्वतः सुरू करतात, माउस धरतात, बंद करतात, हे त्यांनी बघितलं. चुकीचं बटण दाबलं तर जग बुडत नाही हे एकदा बोटांना कळलं की पुढचं शिक्षण सोपं असतं. मावशी परवा एटीएमसमोर एकट्या उभ्या राहिल्या. गृहस्थ ‘बरं’ म्हणाले. पण खरं सांगू? मला या उपयोगाचा दाखला द्यावा लागला, याचंच वाईट वाटलं. बाईनं काहीही केलं तरी त्याचा उपयोग सांगावा लागतो. विणकाम केलं तर स्वेटर व्हायला हवा, गाणं शिकली तर भजनाला उपयोगी पडायला हवं. नुसतं आवडतं म्हणून खेळले, एवढं कारण पुरत नाही.

हे लिहिताना मी डोळे मिटलेले नाहीत. दुकानातली ती जुनी यंत्रंही नाणी गोळा करण्यासाठीच बनवलेली होती. डाव लवकर संपावा हा त्यांचा धंदाच. पण ती प्रामाणिक होती. एक नाणं, तीन जीव, आणि शेवटी तू हरणार, हे आधीच कबूल. आजचे मोबाइलमधले कितीतरी खेळ वर फुकट आणि आत पैसे मागणारे असतात. पैसे लावून खेळायच्या ॲप्सपायी उद्ध्वस्त झालेली घरं मी वस्तीत पाहिली आहेत. त्या प्रकारच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा आमच्या गटातल्या दोघींनी देवापुढे साखर ठेवली. म्हणून मुलांना ‘गेम वाईट’ असं सरसकट सांगण्यापेक्षा, कोणता खेळ आपल्याशी खेळतो आणि कोणता खेळ आपण खेळतो, हा फरक त्यांना दाखवून द्यायला हवा. तो दाखवायचा तर आपल्याला एकदा तरी खेळून बघायला हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी लेकाला किंवा लेकीला सांगा, ‘तो जुना विमानांचा, यानांचा खेळ लावून दे मला.’ ती हसतील, हसू देत. कडेच्या एका रांगेपासून सुरुवात करा, म्हणजे प्राण्यांना कडेला पोचायला जास्त वेळ लागतो आणि ते सावकाश खाली उतरतात. घाईनं गोळ्या उडवू नका. पहिल्यांदा १०० गुणही होणार नाहीत. आणि मधेच कुणी हाक मारलीच, ‘अगं, काय करतेस?’ तर मेसेजचं नाव सांगू नका. मोकळेपणानं सांगा, ‘खेळतेय. तीन जीव संपले की येते!’